साडेदहा इंचांचा हत्ती

"मी येईस्तोवर कापडाला हात लावू नको," असं सांगून आई बाहेर पडली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे गेला आणि मी कात्री घेतली.

कापड खाटेवर घडी करून ठेवलेलं होतं. राखाडी, हिरवं, तांबडं आणि थोडंसं पांढरं. पुण्याच्या एका संस्थेच्या विद्वांस बाईंनी आदल्या दिवशी गडहिंग्लजच्या महिला मंडळात चार शिवणाऱ्या बायकांना बोलावलं होतं. प्रत्येकीला असंच कापड दिलं होतं आणि आलेखाच्या कागदावर काढलेला एकेक प्राणी. मोर, बैल, मांजर, आणि आईच्या वाट्याला हत्ती. नुसत्या सरळ रेषांचा, एकोणीस तुकड्यांचा. तुकड्याला तुकडा जोडून बारा इंचांचा चौकोन करायचा, तोही दिलेल्या कापडातच. चारही चौकोन एका गोधडीत बसणार होते आणि ती गोधडी बालवाडीच्या भिंतीवर लागणार होती. जिचं काम उजवं ठरेल ती मंडळात सुरू होणाऱ्या शिवणवर्गाची शिक्षिका.

आई चौथी शिकलेली. असल्या जागेला एरवी प्रमाणपत्र मागतात, ते तिच्याकडे नव्हतं. पण विद्वांस बाई म्हणाल्या होत्या, "मला कागद नको, काम दाखवा." तेव्हापासून आईचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. सकाळी चहा गाळता गाळता तिनं मला विचारलं, "वैजू, वर्गात शिकवणारीला बाईच म्हणत्यात न्हवं?"

"हो. का गं?"

"काय न्हाई. मालनवहिनीपेक्षा बरं वाटतं ऐकाय."

असं काही ती बोलायची नाही. म्हणून मला ते लागून राहिलं. तिला ती जागा मिळवून द्यायचीच, असं मी ठरवलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, कोल्हापूरला गणित घेऊन बी. एस्सी. करत होते, दिवाळीच्या सुट्टीला घरी आले होते. आलेखाच्या कागदाला मी थोडीच भिणार होते?

माझी काळजी आईच्या हाताची नव्हती, मापाची होती. ती बोटांनी आणि वितीनं मोजायची. आदल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं होतं, "आई, पुण्याच्या लोकांपुढं हे बोट-वीत चालायचं नाही."

"मग काय चालतंय?"

"इंच. सूत."

"बोट माझं हाय. केवढं हाय ते मला ठावं हाय."

आण्णा, माझे वडील, शिंपीकाम करायचे. ते गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. घरात मशीन होतं आणि आईला ते चालवता येत नव्हतं. तिनं आण्णांनी शिवलेला स्वतःचा एक झंपर घेतला आणि सगळा उसवला. तुकडे जमिनीवर मांडले, कुठला कुठं जातो ते पाहिलं आणि पुन्हा शिवला. नीट बसला नाही, म्हणून पुन्हा उसवला. सातव्यांदा शिवलेला झंपर घालून ती आठवड्याच्या बाजाराला गेली, तेव्हा दोन बायकांनी विचारलं की हा कुणाकडून शिवलास. ते शिक्षण तिला पुढं जन्मभर पुरलं. मला मात्र तिनं मशीनजवळ फिरकू दिलं नाही. मी जवळ गेले की, "तुझं पुस्तक बघ." वीस वर्षांच्या मला धड बटणही लावता येत नव्हतं. शिंप्याच्या घरात वाढून.

त्या दिवशी सकाळीच नदीकडच्या एका घरातून लगीनघाईचं बोलावणं आलं. नवरीचे झंपर अंगाला लावून बघायचे होते. आई दुपारपर्यंत यायची नव्हती, आणि चौकोन दुसऱ्या दिवशी दहा वाजता द्यायचा होता.

मी आलेखाच्या कागदावरून एकोणीस आकार वर्तमानपत्रावर उतरवले. पट्टीनं, टोकदार पेन्सिलीनं. प्रत्येकाला आकडा दिला. ते कागद कापडावर टाचण्यांनी बसवले, थोडंही वाया जाऊ नये म्हणून एकमेकांना खेटून. आणि रेघेवरून कापायला लागले.

कानाचा तुकडा कापत असताना शेजारच्या हौसाक्का दारात आल्या. पदरात शेंगा होत्या, त्या सोलत सोलतच त्या बोलायच्या.

"मालन न्हाई व्हय?"

"नवरीकडं गेलीय. काही निरोप?"

"तिला म्हणावं, आमच्या नातीच्या परकराला दोन बोटं माया ठेव. पोर लई वाढायलीय. आणि तू गं काय करायलीस?"

"हत्ती."

"पुस्तक सोडून हत्ती! बघ बाई, आई वरडंल."

"नाही ओरडायची. सांगते मी तिला."

"माया इसरू नको."

"नाही हो, हौसाक्का."

मी मान वर न करता म्हटलं, आणि कान कापून पूर्ण केला.

आई आली तेव्हा दीड वाजला होता. मी एकोणीस तुकडे खाटेवर जागच्या जागी मांडून ठेवले होते. एकालाही दुसऱ्यापासून केसाएवढं अंतर नव्हतं. राखाडी हत्ती, पाठीवर तांबडी झूल, पायांखाली हिरवी जमीन, पांढरा सुळा. पट्टी लावली तर काटेकोर बारा इंच. सुईदोऱ्याशिवाय हत्ती पूर्ण झाला होता.

"बघ," मी म्हटलं.

आई खाटेजवळ उभी राहिली. खांद्यावरची पिशवी तिनं खाली ठेवली नाही. मग तिनं पंजा पसरून हत्तीच्या पाठीवर अलगद ठेवला, जसा तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"उरलेलं कापड कुठाय?"

मी चिंध्यांची पुडी दाखवली. तिच्यात एक सबंध पट्टीही निघत नव्हती. आईनं ती उलगडली, बघितली आणि पुन्हा बांधली.

"चांगलं कापलंस," ती म्हणाली. "एक रेघ वाकडी न्हाई."

मग आत जाऊन ती तांब्याभर पाणी प्याली. मला वाटलं, उन्हातून आलीय.

जेवण झाल्यावर मला वाटलं होतं ती मशीनवर बसेल. तिनं मशीनवर ओढणी टाकली आणि भाताची पेज काढून ठेवली होती तिच्यात बोट बुडवून एकेका तुकड्याच्या कडेवरून फिरवायला सुरुवात केली. एकोणीस तुकड्यांच्या सगळ्या कडा. ते वाळेपर्यंत ती दारात बसून राहिली. वाळलेल्या कडा कागदासारख्या कडक झाल्या, तेव्हा तिनं डब्यातली सगळ्यांत बारीक सुई काढली.

"मशीन का नको?"

"मशीनची टीप इतक्या कडंला बसत न्हाई."

"इतक्या कडेला कशाला घ्यायची?"

दोन तुकडे पालथे धरून ती हातानं शिवायला लागली. कडेपासून कापडाच्या विणीतले दोन दोरे आत, त्याच्यापेक्षा जास्त नाही. टाका पुढं, अर्धा मागं, पुन्हा पुढं. मी समोर बसून एकेक तुकडा आकड्याप्रमाणे हातात देत होते. तिचं डोकं इतकं खाली वाकलेलं होतं की मला फक्त भांग दिसत होता, आणि सुईचं चकाकणं.

चार वाजायच्या सुमाराला मागचे पाय आणि पोट जोडून झालं. पुढच्या भागाशी लावून बघितलं तर दोन्ही बाजू जुळेनात. पोट आखूड झालं होतं.

"आई, हे जुळत नाही."

"जुळंल."

"माझं माप बरोबर आहे. मी दोनदा तपासलंय. तूच शिवण जाड घेतेस."

सुई क्षणभर थांबली.

"व्हय," आई म्हणाली. "जरा जाडच हाय माझा हात."

आणि तिनं ती शिवण उसवली, दोन दोऱ्यांची होती ती एका दोऱ्यावर घेतली, पुन्हा शिवली. एका दोऱ्यावर शिवण घेणं म्हणजे काय, हे मला आज कळतं. तेव्हा मी पट्टी घेऊन बसले होते आणि दर शिवणीला किती कमी झालं ते सांगत होते.

दिवेलागणीला हौसाक्का पुन्हा डोकावल्या. तोपर्यंत सोंडेचे तीन तुकडे जोडून झाले होते. सोंड आखूड, बोथट.

"आगं बया, ह्यो हत्ती हाय का डुक्कर?"

"हत्ती हाय," आई हसत म्हणाली. "लहान हाय अजून. सोंड यायचीय."

"आणि वैजे, निरोप सांगितलास का गं?"

मी जीभ चावली. आईनं माझ्याकडं बघितलं. हौसाक्कांनीच मग सांगितलं, "परकराला दोन बोटं माया म्हणलं होतं. पोरगी इसरली बघ."

"असू दे," आई म्हणाली. "मी ठेवलीया."

तिनं सोंडेचा शेवटचा तुकडा उसवला, जरासा तिरका धरून पुन्हा जोडला, आणि सोंड वर उचलली गेली. आखूडच, पण वर. सोंड वर करून धावत सुटलेलं हत्तीचं पिल्लू. कागदावर नव्हतं ते. कागदावरच्या हत्तीची सोंड सरळ खाली लोंबत होती. मला ते बघून राग आला. मी म्हटलं, "आई, नमुन्यात असं नाहीये." ती म्हणाली, "न्हाई खरं."

पूर्ण झाला तेव्हा मी पट्टी लावली. साडेदहा इंच.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत लांब टेबलावर चार चौकोन मांडले होते. विद्वांस बाई साठीच्या, बारीक, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी मोर उचलला. तो रत्नमाला चौगुले या मुलीचा होता, चोवीस-पंचवीस वर्षांची, कोल्हापुरात शिवणकामाचं प्रमाणपत्र घेऊन आलेली. बारा इंच. बैल बारा. मांजर पावणेबारा. मग हत्ती. बाईंनी पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. बायकांत खुसखुस झाली. आई टेबलापाशी उभी होती, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. मी दाराशी, तिची पिशवी धरून.

बाईंनी हत्ती उलटा केला. चष्मा नाकावर नीट बसवला आणि मागच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"मालनबाई, माया कुठं आहे?"

दाराशी उभ्या उभ्या मला कळलं. कागदावर असतो तो शिवून झालेला आकार. कापायचं असतं त्याच्या बाहेरून, चहूबाजूंनी जास्तीचं सोडून. ते जास्तीचं शिवणीच्या आत जातं, वरून दिसत नाही, पण शिवण धरून ठेवतं ते तेवढंच. हा शब्द मी जन्मल्यापासून घरात रोज ऐकत होते. शाळेत असताना माझे झगे आई दर जूनमध्ये उसवून मोठे करायची आणि आत दडलेल्या कापडाची गडद निळी पट्टी फिक्या झग्यावर बाहेर यायची. मुली मला पट्टेवाली म्हणायच्या. मी घरी येऊन रडायचे आणि नवा झगा मागायचे.

"राहिली," आई म्हणाली. "सोडायची राहिली."

"इतकी वर्षं शिवता आणि माया सोडायला विसरलात?"

कुणीतरी फिसकन हसलं. आईनं मान हलवली.

विद्वांस बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हत्ती खिडकीशी नेला, उजेडात धरला, दोन्ही हातांनी हलकेच ताणून बघितला. शिवण तसूभरही सरकली नाही. त्या परत आल्या आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"मी तीस वर्षं हे काम बघतेय. अशी शिवण मी पाहिलेली नाही. एका दोऱ्यावर! शिवणारीला मी आत्ता, या क्षणी वर्ग देते. पण कापणारीला नाही देणार. ज्या बाईला अशी शिवण येते ती असं कापेल, हे मला पटत नाही. कापलं कुणी, मालनबाई?"

त्यांनी आईसाठी सुटकेचं दार उघडून धरलं होतं. एक नाव घ्यायचं, बस. आईनं माझ्याकडं वळून बघितलं नाही. तिची मान जराही हलली नाही.

"मीच."

"कापणारी आणि शिवणारी एकच?"

"एकच."

मी तोंड उघडलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तोंड उघडलं होतं, आणि समोर त्या सगळ्या बायका होत्या, ज्यांना आई मोठ्या कौतुकानं सांगायची की माझी वैजू गणितात पहिली. मी तोंड मिटलं.

वर्ग रत्नमालेला मिळाला. हत्ती इतरांच्या बरोबरीनं गोधडीत बसेना, म्हणून बाईंनी तो आईला परत दिला. देताना दोन्ही हातांनी दिला.

परतताना आई म्हणाली, "मोराचा पिसारा चांगला केलावता त्या पोरीनं."

"आई, तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?"

"मी कापलं म्हणून."

"चार बायकांत तुला उभी करून?" तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. "आणि तुला मशीनजवळ येऊ दिलं न्हाई ते कुणी? मीच की. चल पाय उचल, हौसाक्काचा परकर द्यायचाय."

त्यावर आम्ही पुन्हा कधीही बोललो नाही. मी शिकले, नाशिकला प्राध्यापक झाले, चौतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं. सुट्टीला घरी यायचे. आई शिवत असायची. तो हत्ती कधीच चिंध्यांत गेला असेल, असं मी धरून चालले होते, कारण तसं धरणं सोपं होतं.

आई मार्गशीर्षात गेली. बाराव्याला आलेली माणसं पांगली त्या दुपारी मी एकटीच घर आवरत होते, तर दारात एक बाई उभी. केस पांढरे, हातात काठी. मी ओळखलं नाही.

"रत्नमाला," तिनं सांगितलं. "चौगुले."

मी तिला खाटेवर बसवलं. तीच खाट. ती बसली, मशीनकडं बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"आमच्या बाई गेल्या," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल बोलतेय. "बाई तर तुम्ही," मी म्हटलं. "वर्ग तुमचा."

"वर्गाची मी. माझ्या त्या. वर्ग घेतला आणि महिन्याभरात माझी बाही कुणाच्या खांद्यावर बसंना. प्रमाणपत्रात बसत होती." ती जराशी हसली. "गुपचूप आले इथं. वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी झंपर घेतला, सगळा उसवला आणि माझ्यासमोर तुकडे मांडले. म्हणाल्या, बघ. तिथनं दर रविवारी येत होते. पुढं वर्गातल्या पोरींना पण आणायला लागले. नव्या पोरी आल्या की पहिला दिवस इथंच, ह्या खाटेभोवती. तुम्हाला बोलल्या न्हाईत?"

"नाही."

"नवीन पोरींना पहिल्या दिवशी सुईसुद्धा देत नव्हत्या. आधी हत्ती दाखवायच्या."

ती उठली, सरळ मशीनकडं गेली आणि खालचा खण ओढला. कुठं काय असतं ते तिला माझ्यापेक्षा ठाऊक होतं. पांढऱ्या फडक्यातून तिनं हत्ती काढला. इतक्या हातांतून जाऊन राखाडी रंग फिका पडला होता. सोंड वर होती.

"असा उलटा करायच्या," रत्नमालेनं तो माझ्या गुडघ्यांवर उलटा ठेवला. "आणि म्हणायच्या, बोट फिरवा. बघा, माझ्याकडनं माया सोडायची राहिली होती. किती जीव काढाय लागला बघा. तुमच्याकडनं राहू नये. इतकी वर्षं हेच. आधी पोरी हसायच्या, मग बोट फिरवायच्या आणि गप्प व्हायच्या."

मी बोट फिरवलं. एक टाकाही सुटलेला नव्हता.

"रत्नमालाताई," मी म्हटलं, "हा आईनं कापला नव्हता. मी कापला होता."

तिनं त्या शिवणीवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग ती हळूच म्हणाली, "तरीच."

तिनं पुन्हा डोळे पुसले आणि जरा संकोचून विचारलं, "वर्ग आता माझी सून बघती. हत्ती नेऊ का? की तुम्हाला आठवण म्हणून..."

तो ठेवून घ्यावा असं मला फार वाटलं. मी त्याची घडी घातली, फडक्यात बांधला आणि दोन्ही हातांनी तिला दिला.

"न्या. पण पोरींना दाखवताना चूक आईच्या नावावर ठेवू नका."

"मग काय सांगू?"

"कापलं लेकीनं, म्हणावं. वैजयंती मालन पतंगे. माया तिच्याकडनं राहिली." मी तिच्या हातातल्या फडक्याची गाठ नीट केली. "आणि शिवलं बाईंनी."